फोल्डिंगची कॉट

दिवाळीनंतरचे सलग तीन शनिवार मी बोईसर आणि पालघरच्या फर्निचरच्या दुकानांत पलंगांवर बसून उठण्यात घालवले. झोपण्यात नाही हं, बसून उठण्यात. दुकानदाराची अपेक्षा असते की गिऱ्हाईक गादी दाबेल, फार तर जरा आडवं होऊन बघेल. मी काठावर बसायचो, हात न टेकता उठायचो, परत बसायचो आणि मग खिशातून टेप काढून जमिनीपासूनची उंची मोजायचो. एका दुकानातल्या पोऱ्याने शेवटी न राहवून विचारलंच, "साहेब, कॉट घ्यायची आहे की खुर्ची?"

प्रश्न अगदी बरोबर होता. म्हाताऱ्या माणसाचा पलंग ही रात्री पलंग आणि बाकी वेळ खुर्ची असते. पण तिथवर यायला मला थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

आमचा फ्लॅट बोईसरला, वन बीएचके. विरारच्या पुढे घर घेणाऱ्या बऱ्याच लोकांचं गणित असतं तेच आमचंही होतं. १६ एप्रिल २०१३ला चर्चगेटची लोकल विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत धावायला लागली, १ ऑगस्ट २०१४ला ठाण्यातून फुटून पालघर वेगळा जिल्हा झाला, आणि 'तिकडे कोण राहतं' असं म्हणणारे लोक ब्रोशर मागायला लागले. मुंबईत जेवढ्यात पार्किंग येतं तेवढ्यात इथे हॉल येतो. फक्त एक असतं, की वन बीएचके हा तीन माणसांचा हिशोब असतो. चौथं आणि पाचवं माणूस आलं की घर हे एक कोडं होतं.

आमचं चौथं आणि पाचवं माणूस म्हणजे आई आणि नाना. दोघं अमळनेरला असतात. (सॉफ्टवेअरवाल्यांसाठी माहिती: विप्रोचा जन्म बंगळुरूचा नाही, अमळनेरचा. १९४५ साली वनस्पती तेलाचा कारखाना म्हणून. नाना हे प्रत्येक नव्या माणसाला सांगतात, जणू काही घाणा त्यांनीच फिरवला होता :) ) सुरतेच्या मार्गाने गाडी आहे, त्यामुळे येणं तसं अवघड नाही. अवघड असायचं ते राहणं. नाना आले की तिसऱ्या दिवशी परतीचं तिकीट. कारणं तयार असायची. विहिरीची मोटर बघायची आहे, पेन्शनचं काम आहे, कुणाच्या तरी नातवाचं जावळ आहे. मी ती खरी मानत होतो, कारण नानांच्या आयुष्यात मोटर, पेन्शन आणि जावळ यांना खरंच फार जागा आहे.

खरं कारण आईने माझ्या बायकोला सांगितलं, तेही मोबाइलवर कुजबुजत. नाना ७७ वर्षांचे. रात्री तीनदा उठावं लागतं. आमच्याकडे हॉलमध्ये एक दिवाण आहे, त्यावर आई झोपते. नानांची गादी खाली. खालून उठायचं म्हणजे आधी कुशीवर, मग दोन्ही गुडघ्यांवर, मग टीपॉयला धरून उभं. दोनदा जमायचं. तिसऱ्यांदा, म्हणजे पहाटे चारच्या सुमारास उठले की ते परत खाली जातच नसत. प्लास्टिकच्या खुर्चीत बसून राहायचे, दिवा न लावता, आम्ही उठेपर्यंत. आम्हाला वाटायचं नाना लवकर उठतात, जुनी माणसं, सवय आहे.

एरवी हे असंच चालू राहिलं असतं. पण यंदा आईच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. एक डोळा, मग दोन आठवड्यांनी दुसरा, मधे तपासण्या. म्हणजे किमान तीन आठवडे इथे राहायचं. ऑपरेशननंतर काही दिवस खाली वाकू नका, जड उचलू नका असं डॉक्टर सांगतात, त्यामुळे आईने गादी घालणं-काढणं बंद. आणि नानांना सोडून आई तीन आठवडे राहणार नाही, हे मला विचारायचीही गरज नव्हती. नाना तीन रात्रींच्या वर टिकले नाहीत तर ऑपरेशन पुढे, आणि पुढे म्हणजे कधी ते कुणी सांगावं. मोतीबिंदू हा तसा वाट बघणारा आजार. पण आईला जिन्याची शेवटची पायरी दिसेनाशी झाली होती.

तुम्ही म्हणाल, बेडरूम द्या की त्यांना. दिली होती. पहिल्या खेपेपासून देतोय. नाना ऐकत नाहीत. "सुनेच्या खोलीत आम्ही? छे छे." त्यावर वाद घालता येतो, पण जिंकता येत नाही. आई त्याला जोड देते, "आम्हाला हॉलच बरा, टीव्ही आहे." टीव्हीचा संबंध नाही, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही.

तर रिक्वायरमेंट अशी: हॉलमध्ये, दिवाणाला काटकोनात, ७७ वर्षांच्या माणसाला रात्री तीनदा उतरता-चढता येईल असा पलंग. वर्षातले दहा-अकरा महिने तो दिसता कामा नये. आणि बजेट दहा हजार. ऑपरेशनचा खर्च समोर होता, त्यामुळे बजेट म्हणजे बजेट.

सगळ्यात आधी उंची ठरवायची होती. इंटरनेटवर इतके इंच, तितके इंच असं बरंच लिहिलेलं सापडतं, पण ते सगळं कुणातरी सरासरी माणसासाठी असतं. साधं तत्त्व एवढंच: काठावर बसल्यावर तळपाय पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघा कमरेपेक्षा वर जाता कामा नये. गुडघा वर गेला की सगळं वजन मांडीच्या स्नायूंनी उचलावं लागतं, आणि वयाबरोबर नेमके तेच स्नायू आधी रजा घेतात. फार उंच केलं तर पाय लोंबकळतात, तेही वाईट. मी आईला फोन केला आणि विचारलं, नाना घरी कुठल्या खुर्चीतून सहज उठतात? ती म्हणाली, जेवायच्या टेबलाच्या लाकडी खुर्चीतून, अगदी पटकन. सोफ्यातून मात्र दोनदा झोका घ्यावा लागतो. मग तिने शिवणाच्या टेपने दोन्ही मोजलं. लाकडी खुर्ची १८ इंच. सोफा बसल्यावर दबतो तो १४ इंच. झालं, स्पेक मिळालं. नानांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, मला कसलंही चालतं.

आता १८ इंच म्हणजे गादीसकट, आणि गादी दबल्यावर. हे 'दबल्यावर' फार महत्त्वाचं. दुकानात जी उंची सांगतात ती न दबलेली असते.

पहिल्या शनिवारी बोईसरला चित्रालयपासून नवापूर नाक्यापर्यंत फिरलो. सगळीकडे पुढे मांडलेली असते ती नवारीची कॉट. लोखंडी पाइप, त्यावर प्लास्टिकच्या किंवा नायलॉनच्या रुंद पट्ट्या, मधोमध घडी. दोन-अडीच हजारांपासून सुरू. आमच्या सोसायटीत जवळजवळ प्रत्येक बाल्कनीत ताडपत्रीखाली अशी एक कॉट उभी असते. उत्तर प्रदेशातल्यांची, गुजरातेतल्यांची, आमच्या खानदेशातल्यांची. एमआयडीसीमुळे इथे सगळ्यांचंच गाव लांब, म्हणून सगळ्यांकडेच पाहुणे मुक्कामी. तरुण माणसाला एक-दोन रात्रींसाठी ती उत्तम आहे, स्वस्त आहे, हलकी आहे. पण तिची उंची साधारण फूटभर. नवार नवी असताना ताठ असते, मग सैल पडते आणि मधे खड्डा होतो. खड्ड्यातून कुशीवर वळणं म्हणजे चढ चढणं. घडीच्या जागचा आडवा पाइप तेव्हा बरोबर कमरेखाली येतो. आणि काठावर बसलं की पट्ट्या खाली, पाइप वर, तो मांडीला रुततो. बसून उठायच्या परीक्षेत नवार नापास.

इथे नाना आणि बाज या विषयावर थोडं. नाना खानदेशातले, म्हणजे जन्म बाजेवरचा. उन्हाळ्यात तिकडे पारा चाळीसच्या वर असतो, तेव्हा अंगणात बाजा पडायच्या आणि अख्खं घर चांदण्यात झोपायचं. मी नवारीच्या कॉटची तक्रार केली तेव्हा ते फोनवर एकदम रंगात आले. म्हणाले, अरे बाज पण सैल पडतेच. पण बाजेला पायाकडच्या बाजूला ताणायची दोरी वेगळी असते. महिन्याभराने ती ओढली की बाज परत ताठ. तुमच्या कॉटला ती आहे का? नाही. झोळ पडणार हे गृहीत धरून, तो काढायची सोय डिझाइनमध्येच ठेवणारा तो अनामिक माणूस मला आमच्या आर्किटेक्टपेक्षा हुशार वाटला. असो. बाज आणायचाही विचार केला होता. पण ती घडी होत नाही, आमच्या लिफ्टमध्ये मावत नाही आणि इथे विणून देणारा माणूस मला सापडला नाही.

घडीचा पलंग हा काही नवा प्रकार नाही, बरं का. तुतनखामेनच्या थडग्यात, जे हॉवर्ड कार्टरने १९२२ साली शोधलं, त्यात तीन घड्यांचा लाकडी पलंग निघाला, पितळी रंगाच्या धातूच्या बिजागऱ्यांसकट. म्हणजे सव्वातीन हजार वर्षांपूर्वीही कुणालातरी हाच प्रश्न पडला होता. त्याचं बजेट जास्त असावं.

बाकीचे पर्याय पटापट सांगतो. सोफा-कम-बेड: खालचा भाग ओढून काढायचा, त्याची उंची आठ-दहा इंच. नानांना त्यात झोपवणं म्हणजे बाहेर काढायला क्रेन हवी. शिवाय वीस हजारांच्या घरात. हवेचा बेड: काठ नावाची गोष्टच नाही, जिथे हात टेकाल तिथे दबतो. हॉटेलात एक्स्ट्रा बेड म्हणून देतात तो चाकांचा, स्प्रिंगचा, गादीसकट उभा घडी होणारा पलंग: छान असतो, पण पालघरला जो बघितला तो तेरा हजारांचा होता आणि चाकांना ब्रेक फक्त एका बाजूला. अंधारात काठ धरून उठणाऱ्या माणसाखालून पलंगच सरकला तर? तो मी दोन मिनिटांत सोडला. आणि घडीची फोमची गादी, जमिनीवरची, ती तर मूळ आजारच.

एक पर्याय मला स्वतःला मनापासून आवडला होता. दवाखान्यातली कॉट भाड्याने. डोक्याकडचा भाग हँडल फिरवून वर होतो, त्याला फाउलर कॉट म्हणतात. जॉर्ज फाउलर नावाचे न्यूयॉर्कचे सर्जन होते, रुग्णाला अर्धवट बसतं ठेवायची पद्धत त्यांच्या नावाने ओळखली जाते, त्यावरून. उंची चांगली, कठडा आहे, महिन्याच्या भाड्याने मिळते, नंतर ठेवायची कटकट नाही. इंजिनियर म्हणून मी खूश. नानांना फक्त सुचवून बघितलं. पलीकडे शांतता. मग, "ऑपरेशन तुझ्या आईचं आहे ना? मी काय पेशंट आहे?"

विषय संपला.

दुसऱ्या शनिवारी पालघरला एका दुकानात प्लायच्या कॉटवर बसलो. लोखंडी चौकट, वर नवारीऐवजी प्लाय, मधोमध बिजागऱ्या, घडी केल्यावर तीन बाय तीन फूट. वर वेगळी गादी. बसून उठायच्या परीक्षेत ही सरळ पास होण्यासारखी: काठ कडक, झोळ नाही, वळायला सोपी. अडचण एकच. उंची १२ इंच. चार इंचाची गादी टाकली आणि ती इंचभर दबली तर १५. आपल्याला हवेत १८. तीन इंच कमी. दुकानदार म्हणाला, पायांखाली विटा लावा. सगळेच लावतात म्हणे. घडीच्या कॉटला सहा पाय असतात, म्हणजे सहा विटा, आणि रात्री तीन वाजता अंधारात नानांच्या अंगठ्याला त्यातली कुठलीतरी एक लागणार.

पण बोलता बोलता त्याच्याकडून कळलं की या कॉटा काही लांबून येत नाहीत, आसपासच्याच फॅब्रिकेशनवाल्यांकडून येतात. आणि फॅब्रिकेशनवाल्यांसाठी बोईसरइतकं गाव नसेल! तारापूर एमआयडीसीत पोलादाची तार बनते, गॅल्वनाइज्ड पत्रा बनतो, पडद्याचं आणि सोफ्याचं कापड विणलं जातं. कारखान्यांची छोटी कामं करणारे वेल्डर गल्लोगल्ली. जिथे अख्खे कारखाने दुरुस्त होतात तिथे एका कॉटचे पाय तीन इंच वाढवून मिळणार नाहीत?

तिसऱ्या शनिवारी खैरा फाटकाच्या बाजूला एका शेडमध्ये गेलो. मालक बावन्न-पंचावन्नचे, हातात ग्राइंडर. सगळं ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न टाकला तो माझ्या यादीत नव्हता: "उंची वाढवली की डुलणार. चालेल?" नाही चालणार. मग त्यांनीच उपाय सांगितला. पाय १८ ऐवजी १६ गेजच्या पाइपचे, आणि पायांच्या प्रत्येक जोडीला तिरपा आधार. गेजचा हिशोब उलटा असतो, आकडा कमी तितका पत्रा जाड. १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर, १६ म्हणजे १.६. बाजारातल्या स्वस्त कॉटा २० गेजच्या, म्हणजे ०.९. रंग लावल्यावर तिन्ही सारख्याच दिसतात. पाइपचं कापलेलं तोंड बघायला मिळालं तरच कळतं.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती पायांच्या जागेची. घडीच्या कॉटचे टोकाचे पाय कधी कधी टोकापासून फूटभर आत असतात, घडी सुटसुटीत व्हावी म्हणून. पायथ्याच्या अगदी टोकाला कुणी बसलं की दुसरं टोक उचलतं. म्हातारं माणूस अंधारात चाचपडत येतं तेव्हा कुठे बसेल ते सांगता येत नाही, बहुतेक टोकालाच. म्हणून पाय टोकाला घेतले. घडी थोडी जाड होते. होऊ दे.

गंजाचं मी विचारलं. समुद्र आठ-दहा किलोमीटरवर, पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि हवा कशी असते ते बोईसरकरांना सांगायला नको. काही रात्री एमआयडीसीकडून वारा आला की खिडक्या लावून घ्याव्या लागतात. इथे नवीन सायकलची चेनही एका पावसाळ्यात लाल होते. ते म्हणाले, बाहेरून पावडर कोटिंग करून देतो, पण पाइप कुजतो आतून. कोटिंग आत जात नाही. बाल्कनीत उभी ठेवली की पाणी पाइपमध्ये उतरतं आणि वेल्डच्या जागेपासून खायला सुरुवात होते. म्हणून सगळी तोंडं वेल्डने बंद करायची, नुसती प्लास्टिकची टोपी नाही. आणि शक्य तर बाल्कनीत ठेवूच नका. प्लायला त्यांनी इंचाची भोकं पाडून दिली, गादीला खालून हवा लागावी म्हणून. भोकं नसली की दमट हवेत गादीच्या पोटाला बुरशी धरते.

मी त्यांना स्प्रिंगच्या घडीचं विचारलं होतं, एका हाताने उघड-बंद होईल अशी. दीड-दोन हजार जास्त लागले असते. त्यावर घरी येऊन बायकोशी बोललो आणि तिने एका वाक्यात तो प्रश्न निकालात काढला. "सोपी घडी केलीस तर नाना रोज पहाटे स्वतः घडी करून ठेवतील." अगदी खरं! खालची गादीसुद्धा ते आम्ही उठायच्या आत गुंडाळून दिवाणामागे ठेवायचे. हॉल म्हणजे वाटेतली जागा, आपण वाटेत नको, हा त्यांचा हिशोब. म्हणजे दुपारी पाठ टेकावीशी वाटली तरी टेकायला जागा नाही, कारण पहाटेच आवरलेली. घडी ही नाना नसतील त्या दहा महिन्यांसाठी आहे, ते असताना कॉट उघडीच राहिली पाहिजे. मग ती जड असली तर उलट चांगलंच. २७ किलो भरली. दोन माणसं लागतात. स्प्रिंगचे पैसे वाचले ते गादीकडे वळवले.

गादीच्या दुकानात घनतेची मोठी गंमत चालते. '३२ डेन्सिटी', '४० डेन्सिटी' असं सांगतात आणि गिऱ्हाईक समजतं ४० म्हणजे जास्त कडक. तसं नाही. तो आकडा म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन. कडकपणा वेगळा, पण कमी घनतेचा फोम लवकर बसतो आणि मग माणसाच्या आकाराचा खड्डा कायमचा. याची परीक्षा अगदी सोपी आहे, कुणी करत नाही एवढंच. सहा बाय तीन फूट, चार इंच जाड म्हणजे ०.१७ घनमीटर. ३२च्या हिशोबाने साडेपाच किलो, ४०च्या हिशोबाने पावणेसात किलोच्या आसपास, वर खोळीचं वजन. मी खिशातला लगेज तोलायचा हुकवाला काटा काढला. एका ठिकाणी '४०ची' म्हणून दाखवलेली गादी खोळीसकट सहा किलो भरली नाही. दुकानदार म्हणाला, काटा चुकीचा असेल. असेल. मी पुढच्या दुकानात गेलो. तिथे वजन बरोबर भरलं, ती घेतली. कापसाची गादी नानांची पहिली पसंती होती, पण ती रोज उन्हात टाकायची तर आमच्या बाल्कनीत ऊन सकाळी पाऊण तास येतं.

हिशोब: कॉट ६२००, गादी ३९००. बजेटच्या वर शंभर रुपये. छोटा हत्तीवाल्याचे तीनशे धरले तर चारशे. चालतंय.

आता मांडायची कुठे? इथे इंजिनियरिंग संपतं आणि नाना सुरू होतात. दक्षिणेकडे पाय नकोत. दाराकडे पाय नकोत. पंखा थेट डोक्यावर नको. आणि माझी अट, बाथरूमच्या वाटेत टीपॉय नको आणि उठताना हात टेकायला उजवीकडे भिंत हवी, कारण नानांचा डावा खांदा दुखतो. वहीच्या चौकटीच्या पानावर हॉल काढून कागदाचा आयत फिरवून बघितला. चारपैकी एकच जागा बसली, आणि त्यासाठी टीव्हीचं टेबल हलवावं लागलं. टीपॉय शेजाऱ्यांकडे गेला. वाटेत भिंतीच्या तळाशी सेलवर चालणारा छोटा दिवा चिकटवला. देशातली पहिली अणुवीज १९६९ साली तारापूरला, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर तयार झाली, तरी पावसाळी रात्री उशाशी टॉर्च लागतेच, म्हणून सेलवरचा.

कॉट टाइल्सवर ठेवल्यावर थोडी डुगडुगली. घाबरायचं कारण नव्हतं, शाळेतली भूमिती आहे: तीन पाय कुठल्याही जमिनीवर टेकतात, चौथ्यापासून भांडण सुरू, आणि हिला सहा. शेडवाल्या मालकांनी पायांना आट्यांचे रबरी बूट दिले होतेच. फिरवून सहाही टेकवले.

मंडळी आली. नानांनी कॉटकडे बघितलं, काही बोलले नाहीत. हाताने काठ दाबला, वाकून खाली पाइप बघितला, वेल्डवर नख फिरवलं. मग बसले आणि उठले. परत बसले. मी टेप काढला नाही. "कितीला?" मी दोन हजार कमी करून सांगितलं. "तरी महागच," म्हणाले, आणि चप्पल कॉटखाली नीट जोडून ठेवली.

पहिल्या रात्री मी जागाच होतो. दीडला कॉट करकरली, मग पावलं, मग पाणी, मग परत कॉट. साडेतीनला परत. सव्वापाचला तिसऱ्यांदा. प्लास्टिकची खुर्ची ओढल्याचा आवाज आला नाही. सात वाजता मी बाहेर आलो तर नाना भिंतीकडे तोंड करून झोपले होते. इतक्या वर्षांत मी त्यांना सात वाजता झोपलेलं पाहिलं नव्हतं. आई दिवाणावर बसून जपमाळ ओढत होती. तिने तोंडावर बोट ठेवून मला परत आत पाठवलं.

आईचा पहिला डोळा त्या गुरुवारी झाला, दुसरा पंधरा दिवसांनी. पट्टी काढल्यावर तिने हॉलचा पंखा बघून "हे कधी पुसलं होतं?" असं विचारलं, तेव्हा ऑपरेशन व्यवस्थित झाल्याची खात्री पटली. नाना एकूण चोवीस दिवस राहिले. मोटरीचं नाव एकदाच निघालं, तेही शेजाऱ्याला फोन करून मिटलं. दुपारी जेवण झालं की ते उघड्या कॉटवर आडवे व्हायचे आणि माझी मुलगी शाळेतून आली की त्यांच्या पायाशी बसून गृहपाठ करायची. टोकाला. टोकाचे पाय टोकालाच होते, त्यामुळे काही उचललं नाही.

करकर मात्र त्यांना सहन होईना. चौथ्या दिवशी ते खाली जाऊन पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबचे तुकडे घेऊन आले आणि बिजागऱ्यांपाशी प्लाय आणि लोखंडाच्या मधे एकेक सरकवला. आवाज बंद. खर्च दहा रुपये.

सध्या कॉट बेडरूमच्या दारामागे उभी आहे, वर जुनी चादर. अक्षय्य तृतीयेला परत काढायची आहे. खानदेशात आखाजी मोठी, त्यामुळे नाना त्या दिवशी अमळनेर सोडणार नाहीत, पण दुसऱ्या दिवसाचं तिकीट त्यांनी स्वतःच काढलंय. परतीचं अजून काढलेलं नाही.